पिवळ्या झग्याची नात

१४८५ साली स्पेनमधल्या तोलेदो शहरात हुआन सांचेस नावाच्या एका कापडव्यापाऱ्याला सलग सात शुक्रवार शहरातल्या चर्चांमधून मिरवण्यात आलं. अंगावर पिवळा झगा, झग्यावर क्रूस. गुन्हा असा, की ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झाल्यावरही घरात जुने आचार चालू होते. कबुली त्याने स्वतःहून दिली म्हणून झग्यावर भागलं, नाहीतर चिता ठरलेली होती. गोव्याचा इतिहास वाचलेल्यांना हा झगा ओळखीचा असेल. त्याला सांबेनितो म्हणत, आणि १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात आलं तेव्हा त्याच्या सामानात तोही होता.

सात शुक्रवार संपले. पुढे सांचेस कुटुंबाने तोलेदो सोडलं आणि आविला या तटबंदीच्या गावात बिऱ्हाड हलवलं. रेशमी-लोकरी कापडाचा धंदा चांगला चालला, पैसा आला, मुलांच्या सोयरिकी जुन्या ख्रिस्ती घराण्यांत झाल्या. पैशाने जे जे विकत मिळतं ते घेऊन झाल्यावर शेवटी कुळही घेतलं गेलं. आपण 'हिदाल्गो', म्हणजे करमाफी असलेले कुलीन आहोत, असे कागद तयार झाले. १५१९ साली करावरूनच भांडण उपटलं आणि वलाडोलिडच्या न्यायालयात साक्षीदारांनी ते जुने शुक्रवार पुन्हा बाहेर काढले. तरीही निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. हा खटला उभा राहिला तेव्हा हुआन सांचेसची एक नात चार वर्षांची होती.

हीच पुढे आविलाची संत तेरेसा झाली.

आजोबांविषयी तिने एक अक्षर लिहिलेलं नाही. आत्मचरित्राच्या आरंभी आईवडील सदाचारी आणि देवभीरू होते एवढं सांगून ती पुढे सरकते. तिच्या चरित्रकारांनी मग शतकानुशतकं तिच्या निर्मळ, उच्चकुलीन रक्ताचे गोडवे गायले. १९४६ साली नार्सिसो आलोन्सो कोर्तेस या अभ्यासकाने वलाडोलिडच्या दप्तरातले खटल्याचे कागद छापले आणि ते गोडवे एकाएकी विनोदी वाटू लागले. मात्र खरा फरक तिच्या ग्रंथांच्या वाचनात पडला. 'ओन्रा', म्हणजे मान, प्रतिष्ठा, कुळाची अब्रू, या एका शब्दावर ती इतकी का चिडते हे तोवर नीट उमगत नव्हतं. संन्यासिनीच्या ठराविक नम्रतेत ते खपून जायचं. आता तसं वाचता येत नाही.

आधी नावांचा घोळ निस्तरायला हवा. मराठीत तेरेसा म्हटलं की कलकत्त्याच्या मदर तेरेसा आठवतात. त्यांनी ते नाव घेतलं लिझ्यूच्या तेरेजवरून. ही १८७३ साली जन्मलेली आणि २४ व्या वर्षी क्षयाने गेलेली, कार्मेलाइट या ख्रिस्ती संघातली फ्रेंच संन्यासिनी. आणि ती ज्या शिस्तीच्या मठात राहत होती, ती शिस्त घालून दिली आविलाच्या तेरेसाने. इथे विषय आहे तो या थोरल्या तेरेसाचा, जन्म २८ मार्च १५१५, मृत्यू १५८२.

दुसरा घोळ रोममधला. सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये बेर्निनीचं एक संगमरवरी शिल्प आहे. ढगावर मागे कललेली, डोळे मिटलेली, ओठ किंचित विलग झालेली स्त्री. समोर बाण घेतलेला हसरा देवदूत. तेरेसाने आत्मचरित्रात वर्णिलेला एक अनुभव बेर्निनीने सतराव्या शतकाच्या मध्यावर दगडात आणला आणि तेव्हापासून जगाने तिला त्याच क्षणात कोंडून ठेवलं. शिल्प अप्रतिम आहे, वाद नाही. पण त्यातल्या बाईकडे पाहून हिने घरांचे करार केले असतील, गाडीवानांशी घासाघीस केली असेल, असं मनातही येत नाही. तेरेसाने आयुष्यभर हे दोन्ही केलं. या प्रस्तावनेला सांगायचं आहे ते इतकंच, की समाधी आणि हिशेब या तिच्या दोन वेगळ्या खोल्या नव्हत्या.

लहानपणी ती भाऊ रॉड्रिगोला घेऊन मूर लोकांच्या मुलखाकडे निघाली होती. तिथे शिरच्छेद होईल आणि थेट स्वर्ग मिळेल, असा सरळ हिशेब. वाटेत काकांनी गाठून घरी आणलं. आईला शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्यांचं वेड होतं, वडिलांना ते खपत नसे. मायलेकी लपवून वाचत. तेरेसा लवकरच आईविना पोरकी झाली, नटायला-मुरडायला शिकली, वडिलांनी धास्तावून एका मठात शिकायला ठेवली. विसाव्या वर्षी घरच्यांना न सांगता ती बाहेर पडली आणि आविलातल्या एन्कार्नासियोन या कार्मेलाइट मठात दाखल झाली. लग्न आणि बाळंतपणं यांत आई तरुणपणीच झिजून गेलेली तिने पाहिली होती, हेही इथे विसरू नये.

मठात ती आजारी पडली. वडिलांनी बेसेदास गावच्या एका नामांकित वैदूबाईकडे नेलं, तिच्या जालीम औषधांनी प्रकृती पारच ढासळली. ऑगस्ट १५३९ मध्ये तेरेसा जवळजवळ चार दिवस निपचित पडून राहिली. मठात खड्डा खणून तयार होता, पापण्यांवर मेण पडलेलं होतं. मुलगी मेलेली नाही असा हट्ट धरून वडिलांनी तिला पुरू दिलं नाही. ती शुद्धीवर आली, पण पुढची सुमारे तीन वर्षं लुळी होती. या आजारपणाच्या काळातच काकांनी दिलेलं फ्रान्सिस्को दे ओसुनाचं मौनप्रार्थनेवरचं पुस्तक तिच्या हाती आलं होतं.

यानंतर एखादी संत थेट उजळून निघेल अशी वाचकाची अपेक्षा असते. तेरेसा मात्र पुढची जवळपास वीस वर्षं साधारणच संन्यासिनी राहिली, आणि हे तीच सांगते. एन्कार्नासियोन मठात शंभराहून कितीतरी जास्त बायका होत्या. श्रीमंतांच्या लेकींना स्वतंत्र खोल्या, स्वतःची चूल, नावामागे 'दोन्या' ही उपाधी. गरिबाघरच्या सामायिक दालनात. धान्य पुरत नसे म्हणून संन्यासिनींना नातेवाइकांकडे राहायला धाडलं जाई. भेटीच्या दालनात गावातल्या प्रतिष्ठितांची वर्दळ, आणि दोन्या तेरेसा बोलायला मोठी गोड. बाहेर जशी उतरंड तशीच आत. १५५४ च्या सुमारास जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीसमोर ती कोसळून रडली आणि त्याच सुमारास संत ऑगस्टिनचं आत्मकथन तिच्या वाचनात आलं. तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. पुढचं सगळं कर्तृत्व उरलेल्या २८ वर्षांतलं.

आत काय घडतं ते सांगायला तिने शोधलेली प्रतिमा महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून द्यावी लागत नाही. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी घालणं, आणि ते चार तऱ्हांनी घालता येतं. विहिरीतून बादल्या शेंदून, रहाट फिरवून, ओढ्याचं पाणी पाटाने आणून, किंवा पाऊस पडला तर काहीच न करता. पहिल्या तऱ्हेत माणसाचे हात मोडतात आणि वाफे जेमतेम भिजतात. शेवटच्या तऱ्हेत माळ्याला काही कामच उरत नाही. तिच्या कास्तीलच्या कोरड्या पठारावर रहाट अरबांनी रुजवलेला होता. वसईच्या बागायतदार ख्रिस्ती कुटुंबांच्या वाड्यांतही रहाट होतेच. तिथल्या जुन्या माणसांना हा अध्याय कुठल्याही धर्मगुरूपेक्षा लवकर कळला असता.

१५५९ साली इन्क्विझिशनच्या प्रमुखाने बंदी घातलेल्या ग्रंथांची यादी काढली आणि लोकभाषेतली अनेक आध्यात्मिक पुस्तकं एका फटक्यात गेली. लॅटिन येत असेल त्याने वाचावं, बायकांनी जपमाळ ओढावी, असा रोख. तेरेसाला लॅटिन येत नव्हतं. जवळची पुस्तकं गेल्यावर ती हळहळली आणि मग स्वतःच लिहू लागली. तिचं आत्मचरित्र म्हणजे खरं तर एक जबानी आहे. या बाईला जे दिसतं ते देवाकडचं की सैतानाकडचं, हे धर्मगुरूंना ठरवायचं होतं, म्हणून त्यांनी लिहायला लावलं. आपण बाईमाणूस, अडाणी, पापी, असं ती पानोपानी म्हणते. काही अभ्यासक याला नम्रता म्हणतात, काही चतुराई. ज्याच्या हाती आपला निकाल आहे त्याच्याशी कसं बोलावं, हे त्या घरात दोन पिढ्यांपासून ठाऊक होतं.

कधीकधी मात्र ती सावधपणा विसरते. 'परिपूर्णतेचा मार्ग' या ग्रंथाच्या पहिल्या खर्ड्यात तिने तक्रार केली होती, की जगातले सगळे न्यायाधीश पुरुषच असल्याने बाईचा कुठलाच गुण त्यांना संशयातीत वाटत नाही. परीक्षकाने तो मजकूर खोडला. तिने ग्रंथ पुन्हा लिहिला आणि तो भाग गाळला. नंतरच्या अभ्यासकांनी खाडाखोडीखालचे शब्द लावून वाचले म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोचले आहेत.

२४ ऑगस्ट १५६२ रोजी आविलात सान होसे हा छोटा मठ सुरू झाला, चार नवदीक्षितांना घेऊन. घर बहीण आणि मेहुण्याच्या नावावर गुपचूप घेतलेलं. पैशाला मोठा हात दिला तो किटोहून भाऊ लोरेन्सोने. तिचे भाऊ दक्षिण अमेरिकेत स्पेनच्या स्वाऱ्यांमध्ये गेलेले होते, म्हणजे गरिबीचं व्रत घेणाऱ्या या मठाच्या भिंतींना जिंकलेल्या मुलखातला पैसा लागला आहे. तिच्या भक्तांना हे आठवण करून दिलेलं आवडत नाही, पण दडवण्याजोगंही ते नाही. मठ उघडल्याचं कळताच गावात जो गदारोळ झाला तो शत्रू दारात आल्यासारखा होता. कारण आर्थिक होतं. आविलात मठ आधीच भरपूर होते आणि हा नवा मठ ठरलेल्या उत्पन्नाशिवाय, भिक्षेवर चालणार होता. नगरसभेत बाजू घ्यायला दोमिंगो बान्येस हा एकटा धर्मगुरू उभा राहिला. खटला झाला, रेंगाळला आणि विरला.

नियम काय होते? सुरुवातीला तेरा जणी, त्याहून जास्त नकोत. जाडंभरडं लोकरी कापड, पायात दोरखंडी वहाणा. म्हणून 'अनवाणी' हे नाव. स्वतःच्या कष्टांवर आणि दानावर निर्वाह. कुणी 'दोन्या' नाही, कुणी आडनाव लावायचं नाही. जिचे वडील मोठे तिने त्यांचं नाव सगळ्यांत कमी घ्यावं. ती स्वतः दोन्या तेरेसा दे आऊमादाची नुसती येशूची तेरेसा झाली. आऊमादा हे आईकडचं आडनाव. आजोबांचं आडनाव तिने त्याआधीही लावलं नव्हतं.

यानंतरच्या वीस वर्षांत सान होसे धरून असे सतरा मठ झाले, त्यांपैकी पंधरा ठिकाणी ती जातीने गेली. झाकलेल्या बैलगाड्या-खेचरगाड्या, पुरातल्या नद्या, ढेकणांनी भरलेल्या धर्मशाळा. मेदिना देल काम्पोला मंडळी मध्यरात्री पोचली तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या खेळाचे बैल रस्त्यांतून हाकत आणले जात होते आणि या बायका पूजेची भांडी घेऊन भिंतीकडेने चालल्या होत्या. सलामांकात विद्यार्थ्यांकडून रिकामं करून घेतलेल्या एका प्रचंड घरात तिने एकाच सोबतिणीसह रात्र काढली. तारीख पितरांच्या दिवसाची, गावभर घंटा वाजतायत. सोबतिणीने घाबरून विचारलं, मी आत्ता मेले तर तुम्ही एकट्या काय कराल? तेरेसा म्हणाली, तसं झाल्यावर बघू, आता झोपू दे.

या सगळ्या ठिकाणांत तोलेदो वेगळं. १५६९ साली तिथला मठ सुरू झाला तेव्हा जवळ दोन गवताच्या गाद्या आणि एक घोंगडी होती. मार्तीन रामीरेस नावाचा व्यापारी मठासाठी पैसा ठेवून वारला होता, पण गावातल्या सरदारांना ते खुपत होतं. व्यापाऱ्याच्या घराण्याला मठाचं आश्रयदातेपण आणि मुख्य वेदीपाशी दफनाची जागा म्हणजे काय! ती जागा कुळवंतांची. तेरेसाही क्षणभर चाचरली, हे तिने कबूल केलंय. मग कुळ आणि दर्जा देवापुढे काहीच नाही असं ख्रिस्ताने आपल्याला खडसावलं, असं ती लिहिते, आणि मान व्यापाऱ्याच्याच घराण्याला देते. ज्या शहरात आजोबांना पिवळा झगा घालून मिरवलं होतं त्याच शहरात, ८४ वर्षांनी. त्या ओळी लिहिताना तिच्या मनात काय होतं ते सांगायला कुठलाही कागद नाही. पण १९४६ नंतर तो मजकूर सहज वाचून पुढे जाणं अवघड झालं.

पुरुषांमध्येही ही सुधारणा न्यावी, अशी परवानगी तिने संघाच्या प्रमुखाकडून मिळवली. १५६७ साली मेदिनात तिला एक ठेंगणा, पंचविशीचा संन्यासी भेटला. तो आणखी कडक संघात निघून जायच्या बेतात होता, तिने थांबवलं. हाच पुढे क्रूसाचा संत जॉन, स्पॅनिश भाषेतल्या थोरांतल्या थोर कवींपैकी एक. त्याच्यासोबत दुसरा होता तो थोराड अंगाचा. आपल्याला आता दीड संन्यासी मिळाला, असं ती गमतीने म्हणाल्याची गोष्ट सांगतात.

विरोध आतून आला तो जास्त बोचरा होता. पास्त्रानाच्या मठाची आश्रयदाती एबोलीची राजकन्या नवरा वारल्यावर दासींसह मठातच येऊन बसली आणि तिथेही राजकन्याच राहिली. १५७४ साली तेरेसाने तिथल्या संन्यासिनी गुपचूप हलवून सेगोव्हियाला नेल्या. राजकन्येने आत्मचरित्राची तक्रार इन्क्विझिशनकडे केली आणि हस्तलिखित ताब्यात गेलं, ते तेरेसाच्या हयातीत बाहेर आलं नाही. सेव्हिलमध्येही तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. डिसेंबर १५७७ मध्ये जुन्या शिस्तीच्या कार्मेलाइटांनी संत जॉनला पळवून नेऊन तोलेदोच्या मठात कोंडलं. नऊ महिन्यांनी तो खिडकीतून उतरून निसटला. पोपच्या स्पेनमधल्या वकिलाला तर तेरेसा म्हणजे मठात एका जागी न बसणारी, गावोगाव भटकणारी, ऐकायला तयार नसलेली बाई वाटत होती. शेवटचं विशेषण सोडलं तर निरीक्षण चुकीचं नव्हतं.

आणि याच १५७७ सालात, जून ते नोव्हेंबर, ६२ व्या वर्षी तिने 'अंतरीचा किल्ला' लिहिला. माणसाचा आत्मा म्हणजे स्फटिकाचा किल्ला, आत एकाआत एक सात मुक्काम, सगळ्यांत आत राजा. बाहेर आपल्या माणसांवर संकट घोंगावतंय आणि ही आतले महाल दाखवत चाललीय. त्या नाताळात ती जिन्यावरून पडली आणि डावा हात कायमचा अधू झाला.

या ग्रंथातला सर्वांत मजेशीर भाग बेर्निनीने वाचायला हवा होता. काही संन्यासिनी उपास-जागरणांनी इतक्या अशक्त होतात, की जराशा गोडीने तासन्‌तास निपचित पडतात आणि त्याला समाधी समजतात. तेरेसा म्हणते, ही समाधी नव्हे, भोवळ. अशी एकजण आठ-आठ तास पडून राहायची. तिला पोटभर जेवू-झोपू घातलं आणि तपश्चर्या कमी करायला लावली, तेव्हा ते थांबलं. मठस्थापनांच्या पुस्तकात उदास प्रकृतीच्या संन्यासिनींना कसं सांभाळावं यावर अख्खं प्रकरण आहे, अगदी मासे कमी द्यावेत इथपर्यंत. स्वयंपाकघरात भांड्याकुंड्यांमध्येही देव वावरतो, हे तिचंच. इथे मराठी वाचकाला जनाबाईचं जातं आठवेल. आठवू द्यावं, पण तुलना फार ताणू नये. जनी दासी होती, तेरेसा व्यवस्थापक.

पत्रांत ही व्यवस्थापक पुरती दिसते. साडेचारशेच्या आसपास पत्रं उरली आहेत. कर्ज, हुंडा, पाणी, ताप, भाचीचं कौतुक, कुठल्या धर्मगुरूवर विसंबू नये याच्या सूचना. सेव्हिलहून कुणी नारळ पाठवले तर त्यांचंही अप्रूप. सेव्हिललाच एका संन्याशाने तिचं चित्र काढलं, तिच्या हयातीतलं हे एकमेव. कुरूप आणि चिपडी केलीस, असा शेरा तिने मारल्याचं सांगतात.

१५८० साली पोपने अनवाण्यांना स्वतंत्र प्रांत दिला. दोन वर्षांनी बुर्गोसहून परतताना, थकलेली असूनही, तिला आल्बा दे तोर्मेसला वळवण्यात आलं. तिथल्या सरदारघराण्यात बाळंतपण होतं आणि संत जवळ असावी अशी हौस होती. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री ती तिथेच वारली. त्या रात्री जुनी दिनदर्शिका संपून नवी सुरू झाली, दहा दिवस गळाले आणि दुसऱ्या दिवशी तारीख उजाडली १५ ऑक्टोबर. तिचा सण याच तारखेला असतो.

पुढचं भक्तांनी केलं. नऊ महिन्यांनी शरीर उकरलं तेव्हा ते न कुजलेलं निघालं, आणि तिचा लाडका वरिष्ठ ग्रासियान यानेच डावा हात तोडून घेतला, करंगळी स्वतःजवळ ठेवली. तो हात विसाव्या शतकात हुकूमशहा फ्रँकोने १९७५ मध्ये मरेपर्यंत जवळ बाळगला. फ्रान्सिस झेवियरचं शव जुन्या गोव्यात पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. त्याचा उजवा हात १६१४ मध्ये रोमला गेला. योगायोग असा, की १२ मार्च १६२२ रोजी एकाच सोहळ्यात झेवियर आणि तेरेसा दोघेही संत जाहीर झाले. तिचे अनवाणी संन्यासी त्याआधीच गोव्यात पोचले होते; १६३८ साली सुमात्रातल्या आचे इथे मारले गेलेले दोघे कार्मेलाइट तिथल्याच मठातले. १७२० साली इंग्रजांनी मुंबई बेटावरची चर्चं पोर्तुगीज धर्मगुरूंकडून काढून घेतली, तीही कार्मेलाइटांकडेच सोपवली.

तिचे ग्रंथ १५८८ साली सलामांकात पहिल्यांदा छापले, संपादक लुईस दे लेओन. हा विद्वान स्वतः इन्क्विझिशनच्या तुरुंगात जवळपास पाच वर्षं काढून आलेला. कुळाचं म्हणाल तर, तेरेसाने आपल्या मठांसाठी रक्तशुद्धीची अट घातली नव्हती. ती तिच्या पश्चात तिच्याच संघाने घातली. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला 'चर्चची आचार्य' ही पदवी दिली. त्याआधी ती कुणाही स्त्रीला मिळालेली नव्हती.

वाचकाला एक सुचवावंसं वाटतं. तिच्या चरित्रातून तिच्या ग्रंथांकडे जाल तेव्हा आत्मचरित्रापासून किंवा किल्ल्यापासून सुरुवात करू नका. आधी मठस्थापनांचं पुस्तक घ्या, त्यातलं तोलेदोचं प्रकरण उघडा आणि दोन गाद्या नि एका घोंगडीपासून वाचायला लागा.